मजल, मुक्काम आणि सावकाश चाल

(झाशी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण निष्ठेने चालवीत आहात, त्यांनी या बुंदेलखंडात, भोवती हिंदी आणि बुंदेली यांचा अखंड प्रवाह वाहत असताना, मराठी घरांतील मुलांना मराठी वाचावयास आणि लिहावयास लावले. त्यांच्या ऋणाचे स्मरण करताना एखाद्या थोर ग्रंथाविषयी बोलण्यापेक्षा आपण घरात, ओसरीवर, देवळाच्या वाटेवर जे शब्द सहज उच्चारतो, त्यांविषयी बोलावे असे मला वाटले. म्हणून आज सावकाश चालण्याच्या शब्दांचा विषय मी घेतला आहे. तो येथेच, झाशीत, घेण्यास एक सबळ कारणही आहे. मराठी गद्यातील ज्या पायी प्रवासाने पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना खिळवून ठेविले, त्या प्रवासाचा हृदयभाग या शहरात घडलेला आहे.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांसह उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले, ही हकीकत आपणांस ठाऊक आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील पेणजवळच्या त्या खेड्यात घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, मोठी दक्षिणा वाटली जाणार, अशी वार्ता आली, आणि हा तरुण भिक्षुक पुणे, नगर, सातपुडा, माळवा, ग्वाल्हेर अशी मुक्कामामागून मुक्काम करीत निघाला. वाटेत बंडाची वार्ता आली, यज्ञाची वाट मागे राहिली आणि पुढे तो झाशीस पोहोचला. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोज याने या शहरास वेढा घातला तेव्हा गोडसे तटाच्या आत होते. एप्रिलच्या आरंभी शहर पडले, त्यानंतरची लूट आणि कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. येथून काल्पी, चित्रकूट, काशी, अयोध्या असा फेरा घेऊन ते सुमारे तीन वर्षांनी घरी परतले, तेव्हा मिळविलेली दक्षिणा बहुतेक लुटली गेलेली होती. परंतु आईबापांच्या स्नानासाठी गंगोदकाची कावड मात्र त्यांनी आणिली होती. पुढे अनेक वर्षांनी, ज्यांच्या घरचे ते उपाध्याय होते त्या चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सर्व लिहून काढिले. वैद्यांनी ते लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, आपल्या संस्कारासह ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केले, आणि मूळ मोडी लिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली वाचकांच्या हाती दिला.

इतिहासाच्या अभ्यासकांनी या ग्रंथाचा उपयोग बंडाची साक्ष म्हणून केला, आणि तो योग्यच होता. माझे लक्ष मात्र त्यातील चालीकडे आहे. या माणसाने जे अंतर तोडले ते शेकडो कोसांचे होते, तरी त्या गद्यात घाई कोठेही नाही. सूर्योदयापूर्वी निघावे, उन्हाच्या आत कोणत्यातरी नदीवर पोहोचावे, स्नानसंध्या करावी, स्वयंपाक रांधावा, गावात कोणी मराठी गृहस्थ आहे काय याची चौकशी करावी, दोन दिवस राहण्याचा आग्रह झाला तर राहावे, आणि मग पुढे चालू लागावे. वाचकास प्रथम वाटते की हा मनुष्य रेंगाळतो आहे. पण थोडे पुढे गेल्यावर ध्यानी येते की शेकडो कोस चालावयाचे असतील तर चालण्याची दुसरी रीतच नाही. जो धावतो तो चौथ्या दिवशी आजारी पडतो. सावकाश चालणे ही त्या काळी लांबचा पल्ला गाठण्याची विद्या होती, आणि आपल्या भाषेतील या विषयाचे शब्द अशा लांबवर चाललेल्या पायांनी घडविले आहेत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

ज्या वर्षी गोडसे वरसईहून निघाले त्याच १८५७ साली मुंबईत मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढविलेली आवृत्ती निघाली. पहिली आवृत्ती १८३१ ची. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरी ज्या पिढीचा सारा व्यवहार पायी चालत होता त्या पिढीचे शब्द, ती वाटेवर असतानाच, एका परक्या पण अत्यंत कष्टाळू विद्वानाने टिपून ठेविले, हे आपले भाग्य होय. त्यानंतर दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. ज्याला आपल्या आजोबांची चाल ऐकावयाची असेल त्याने हे दोन कोश पुढ्यात घेऊन एखादी दुपार घालवावी. लुटुलुटु, दुडुदुडु, तुरुतुरु, झपझप, तरातरा, डुलत, झुलत, लटपटत, ठुमकत, यांपैकी कित्येक शब्द पावलांच्या नादावरून बनलेले आहेत. अंगणातून येणाऱ्याचे पाऊल घरात बसून ऐकले आणि कोण येत आहे ते ओळखले, अशा कानांनी बनविलेले हे शब्द आहेत.

आता ‘मजल’ हा शब्द पाहा. अरबी ‘मन्झिल’चा मूळ अर्थ उतरण्याची जागा. हिंदीत आणि उर्दूत ‘मंजिल’ म्हणजे जेथे पोहोचावयाचे ते ठिकाण. कवींनी तर त्यास आयुष्याचे अंतिम साध्य करून टाकिले. मराठीत आल्यावर या शब्दाने अर्थ बदलला. उतरण्याच्या जागेवरून तो एका उताऱ्यापासून दुसऱ्या उताऱ्यापर्यंतच्या वाटेकडे सरकला. मराठी माणूस मजल ‘गाठतो’ आणि मजल ‘मारतो’ही; ‘मजल दरमजल’ करीत जातो; आणि इतिहासाच्या पत्रांतून लांब लांब मजली करून अमुक सरदार अमुक ठिकाणी दाखल झाले, असे आपण वाचतो. दिवसभरात माणूस आणि बैल यांनी न थकता जेवढे चालावे तेवढी एक मजल, हे माप कोसांत बांधलेले नव्हते. डोंगरात ती आखूड होई, मैदानात लांब होई. ज्या मापात चालणाऱ्याच्या श्रमाचा विचार आधीच धरलेला आहे, असे हे माप आहे, आणि मैल किंवा किलोमीटर यांत तो विचार नाही, म्हणून मला ‘मजल’ हा शब्द फार थोर वाटतो.

त्याचे सोबती ‘मुक्काम’, ‘कूच’, ‘दरकूच’, ‘तळ’. यांतील ‘तळ’ सोडला तर बाकीचे अरबी-फारसीतून आलेले. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि यावनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले, तो प्रयत्न स्वाभिमानाचा आणि आदरणीय होता. पण रस्त्यावरच्या लोकांनी मुक्काम सोडला नाही, कूच सोडली नाही. फौज चालते ती लष्करी परिभाषेने चालते, आणि मराठ्यांची फौज एकटी कधी चालत नसे. तिच्याबरोबर बाजार, बुणगे, यात्रेकरू, बायकामुले असत. १७६० च्या मार्चमध्ये पटदूरहून निघालेली सदाशिवरावभाऊंची स्वारी दिल्लीस पोहोचली तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. त्या मंदगतीचे परिणाम काय झाले हा पानिपतच्या अभ्यासकांचा विषय. भाषेच्या अभ्यासकास मात्र एवढे दिसते की पाच महिने चालणाऱ्या त्या प्रचंड लोकसमुदायाच्या तोंडी जे शब्द राहिले, तेच पुढे घराघरांत शिरले. आजही पाहुणा आला की आपण विचारतो, ‘मुक्काम आहे ना?’ हा प्रश्न छावणीतून ओसरीवर आला आहे.

यानंतर मी भाषेच्या एका लकबीकडे वळतो, कारण या विषयाचे मर्म मला तेथे दिसते. सावकाश चालण्यास मराठीत स्वतंत्र क्रियापदे थोडी आहेत. हिंडणे, फिरणे, रेंगाळणे ही आहेत. पण बहुतेक वेळी आपण ‘चालणे’ किंवा ‘जाणे’ हे साधे क्रियापदच ठेवतो आणि त्याच्या आधी ‘त’प्रत्ययान्त धातुसाधित जोडतो. डुलत डुलत, गप्पा मारीत, अभंग म्हणत, शेंगा खात, इकडेतिकडे पाहत, रमतगमत. जो घाईने जातो तो फक्त जातो. त्याला दुसरे काही करावयास सवड नसते. जो सावकाश जातो तो जाताना आणखी काहीतरी करीत असतो, आणि भाषा त्याची गती सांगण्याऐवजी तो काय करीत आहे तेच सांगते. गती आपोआप कळते. या रचनेने किती सूक्ष्म छटा साधतात हे प्रत्येक मराठी आईस ठाऊक आहे. ‘मूल आले’ यात काही नाही, ‘मूल पाटी हलवीत आले’ यात शाळेतला सारा दिवस आहे.

‘रमतगमत’ या जोडशब्दाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. यात ‘रम्’ आणि ‘गम्’ हे दोन संस्कृत धातू एकमेकांच्या हातात हात घालून आले आहेत. रम् म्हणजे थांबणे, विसावणे, आनंद पावणे. गम् म्हणजे जाणे. थांबणे आणि जाणे यांस तर्कशास्त्र परस्परविरुद्ध मानील. मराठीने त्यांचे लग्न लावून दिले. मराठीत ‘गमणे’ या क्रियापदास वेळ सुखाने जाणे, मनास वाटणे असेही अर्थ आले, त्यामुळे या जोडशब्दात जाणाऱ्या पायांबरोबर रमणारे मनही चालते.

‘हळू’ची गोष्ट याहून जुनी आहे. संस्कृत ‘लघु’, प्राकृतात ‘लहु’, मग वर्णव्यत्यय होऊन ‘हलु’, आणि मराठीत ‘हळू’, अशी त्याची वंशावळ आहे. ‘हलका’ हा त्याच घराण्यातला. आपल्या शेजारची हिंदी ‘हौले’ म्हणते तीही याच मुळाची. म्हणजे हळू चालणे याचा मूळ भाव मंद चालणे असा नसून हलके चालणे असा होता. आजही ‘हळू बोल’ म्हणताना आपण आवाजाचा भार कमी करण्यास सांगतो, वेग कमी करण्यास नव्हे. निजलेल्या मुलाजवळून आई हळू जाते तेव्हा ती भूमीवर भार न देता जाते. वेगाचा अर्थ नंतर चिकटला, आणि आता तोच मुख्य झाला आहे.

‘सावकाश’ तर उघडच संस्कृत: अवकाशासह असलेले. ज्यात मोकळी जागा आहे, ज्यात सवड आहे, ते. पंगतीत वाढणे झाल्यावर यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो, आणि दारातून निघालेल्या पाहुण्यास घरची वडीलधारी ‘सावकाश जा’ म्हणतात. जेवणाराला आणि चालणाराला एकच आशीर्वाद देण्याची ही रीत मला आपल्या संस्कृतीचे भूषण वाटते. दोघांनाही सांगणे एवढेच, की आपल्या कृतीत थोडी जागा राहू द्या.

जेवण आणि चालणे यांचा संबंध निघालाच आहे, तर शतपावलीकडे येऊ. भोजनोत्तर शंभर पावले चालावे, हा आयुर्वेदाचा संकेत मराठी घरांनी इतका आपलासा केला की त्याचे नाम झाले, आणि आता शतपावली घालणारा शंभर मोजीत नाही, अंगणातल्या तुळशीपासून फाटकापर्यंत दोनचार खेपा घालतो. झाशीच्या गल्ल्यांतून याच वेळी आपले हिंदी-उर्दूभाषी शेजारी ‘चहलकदमी’ करीत असतात. ‘चहल’ म्हणजे फारसीत चाळीस; चाळीस पावले ती चहलकदमी. एका भिंतीच्या अलीकडे शंभर आणि पलीकडे चाळीस, पण दोघांचे पोट आणि दोघांची रात्र एकच. दोन भाषा शेजारी नांदल्या म्हणजे असे सुंदर योग जुळतात, आणि ते पाहावयास झाशीसारखी वस्ती लागते.

वैद्यकाचा विषय निघाल्यावर सुश्रुताचे स्मरण केल्यावाचून पुढे जाववत नाही. त्याने चिकित्सास्थानात चालण्याचे दोन प्रकार वेगळे काढिले आहेत. एक ‘अध्वा’, म्हणजे वाट तुडविणे. याने कांती, कफ, स्थूलता आणि सुकुमारपणा यांचा नाश होतो. दुसरे ‘चंक्रमण’, जे देहास फार पीडा देत नाही. याने आयुष्य, बल, मेधा आणि अग्नी यांची वृद्धी होते, इंद्रिये जागी होतात. एकाच क्रियेस श्रमानुसार दोन नावे देऊन दोन फळे सांगणारा हा शास्त्रकार शब्दांच्या बाबतीत किती काटेकोर होता! ‘चंक्रमण’ हा शब्द बौद्धांनीही जपला. बोधगयेस भगवान बुद्ध ज्या जागी येरझारा घालीत चिंतन करीत राहिले असे मानतात, त्या जागेस आजही चंक्रमणाचे स्थान म्हणून ओळखतात. मराठीत हा शब्द पंडितांपुरताच राहिला याचे मला वाईट वाटते, कारण ‘येरझारा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिंतातुर माणूस येतो, आणि शांत चित्ताने एकाच वाटेवर जाणे-येणे करणाऱ्यासाठी आपल्याजवळ घरगुती शब्द उरत नाही.

मराठी गद्याच्या उगमाशी गेलो तरी आपणांस चालणारा पुरुषच भेटतो. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात श्रीचक्रधरस्वामी अखंड फिरत आहेत, आणि त्यांच्या फिरण्यास त्या ग्रंथात भिन्न भिन्न नावे आहेत. लांबवरच्या फिरण्यास ‘अटन’, आणि वस्तीच्या जागेपासून जवळपास, नदीकाठी, मळ्यात, देवळाकडे जाण्यास ‘विहरण’. स्वामींच्या जाण्यास ‘बिजें करणे’ हे आदरार्थी क्रियापद ग्रंथात येते. पुढे त्यांच्या भक्तांनी स्थानपोथी रचिली, तीत स्वामी जेथे दीर्घकाळ राहिले ते अवस्थान, जेथे रात्रभर राहिले ती वसती, जेथे नुसते बसले ते आसन, अशी जागांची वर्गवारी केली. गोदावरीच्या खोऱ्यातील एका सावकाश चालणाऱ्या पुरुषाच्या पावलांचा असा हिशेब त्याच्या पश्चात लोकांनी भक्तीने मांडून ठेविला. ‘विहरण’ हा शब्द त्यानंतर लोकभाषेतून का निघून गेला? मला वाटते, चक्रधरांच्या पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद झाले आणि त्यांच्याबरोबर हा गोड शब्दही कित्येक शतके लोकांच्या दृष्टीआड राहिला.

आपल्या या प्रांतातूनच एक दुसरा प्रवासीही गेला आहे, आणि तो पायांवाचून चालणारा आहे. झाशीपासून थोड्याच अंतरावर ओरछ्याच्या छत्र्यांखालून जी बेतवा वाहते, तीच कालिदासाच्या मेघदूतातील वेत्रवती. आणि धसान नदीच्या नावात दशार्ण देशाचे नाव अजून ऐकू येते. यक्ष मेघास अलकेस धाडतो. निरोप तातडीचा आहे, विरहिणीचे प्राण कंठाशी आले आहेत. तरी तो दूतास सांगतो ते काय? या शिखरावर विसावा घे, या नदीचे पाणी पी, उज्जयिनी तुझ्या वाटेवर नाही तरी वळण घेऊन तेथे जा. आणि ही सारी वाट त्याने ज्या वृत्तात बांधली त्याचे नावच मंदाक्रान्ता, म्हणजे मंद पावलांनी चालणारी. त्याच्या सतरा अक्षरांत प्रथम चार गुरू येतात, जड आणि भारदस्त. मग पाच लघू पटापट पडतात. आणि त्यानंतर चरण डुलत डुलत शेवटास जातो. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शांता शेळके यांना मेघदूत मराठीत आणावेसे वाटले, याचे एक कारण ही चालही असली पाहिजे, असा माझा तर्क आहे. ‘चाल’ हा आपला शब्दच असा आहे की तो पावलांस लागतो आणि गाण्यासही लागतो.

मात्र एवढे गौरवाचे बोलल्यावर दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण भाषेने सावकाश चालणाराचे नेहमीच कौतुक केलेले नाही. रेंगाळणे, घुटमळणे, उंडारणे, उनाडणे, टंगळमंगळ करणे, हे शब्द वडिलांच्या तोंडून मुलावर आणि धन्याच्या तोंडून चाकरावर पडत आले. ज्याच्या हाताखाली माणसे आहेत तो सावकाश चालला तर ती ‘सहल’. या शब्दाचा जुना अर्थ हवा खाण्यास बाहेर पडणे एवढाच होता. चाकर तसाच चालला तर तो रेंगाळला. फारसीत ‘गश्त’ म्हणजे फिरणे. हिंदीने त्यातून ‘मटरगश्ती’सारखा मोकळा शब्द काढिला, पण मराठीत तो ‘गस्त’ होऊन कोतवालीत दाखल झाला. पेशवाईतील पुण्यात रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्यास कोतवालाची गस्त धरून नेई. फिरण्याचा शब्द फिरणाऱ्यास पकडणाराकडे गेला, यात राज्यकारभाराचा सारा स्वभाव दिसतो.

आणि स्त्रियांचे काय? हंसगामिनी, गजगामिनी, मंथरगती, ही विशेषणे संस्कृत काव्याने त्यांच्यावर उधळली. पण ती पाहणाराने दिलेली आहेत, चालणारीने स्वतःसाठी घडविलेली नाहीत. मराठी स्त्रीला निष्कारण चालण्याची मुभा नव्हती, म्हणून तिने कारणे शोधिली. पाणवठा, प्रदक्षिणा, हळदीकुंकू, वडाची पूजा, देवदर्शन. ‘जरा देवळात जाऊन येते’ या वाक्यात किती पिढ्यांचा मोकळा श्वास साठविलेला आहे! लाख प्रदक्षिणांचा संकल्प करणारी स्त्री पुण्य जोडीत होती यात शंका नाही; ती मोकळ्या हवेत, आपल्या गतीने, कोणाच्या हाकेवाचून चालत होती, हेही तितकेच खरे. या शहराच्या राणीची हकीकत या संदर्भात निराळीच दिसते. लक्ष्मीबाईसाहेब लक्ष्मीतलावाजवळच्या महालक्ष्मीस कधी पालखीतून जात, कधी घोड्यावरून, आणि दुतर्फा शहर त्यांना पाहत राही. त्याच बाईसाहेब पुढे काल्पीच्या वाटेवर, धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकूळ अशा, एका विहिरीवर गोडसे भटजींना भेटल्या. भटजी पाणी शेंदू लागले असता त्यांनी तसे करू दिले नाही, स्वतः शेंदले आणि ओंजळीने प्याल्या. घोड्यावरून रात्रंदिवस दौड करणारी राणी आणि कोसाकोसाने पायी चालणारा भिक्षुक यांच्या वाटा त्या विहिरीवर एकत्र आल्या. तो पायी चालत होता म्हणूनच ही भेट झाली, आणि म्हणूनच ती आपल्याला कळली. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १८९४ साली राणीचे चरित्र प्रसिद्ध केले, त्यात कागदपत्रांचा मोठा साठा आहे. परंतु त्या विहिरीवरचे पाणी आपण गोडश्यांच्या हातून पितो.

सावकाश चालीचा सर्वांत मोठा सामुदायिक आविष्कार म्हणजे पंढरीची वारी, हे निराळे सांगावयास नको. तरी आपल्या या उत्तरेचा तिच्याशी जो धागा आहे तो सांगतो. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीस आजचे शिस्तबद्ध रूप ज्यांनी दिले ते हैबतबाबा आरफळकर सातारा प्रांतातील आरफळचे, आणि सेवा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी करीत होते. १८३२ च्या सुमारास त्यांनी पालखी सोहळा उभा केला. दिंड्यांचे क्रम, तळ, विसावे, कूच करण्याची वेळ, या व्यवस्थेत फौजेची घडी स्पष्ट दिसते. ज्या शब्दांनी मराठी फौज नर्मदेपार गेली, तेच शब्द हैबतबाबांनी टाळमृदंगाच्या हाती दिले. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर मोटार काही तासांत तोडते; वारी त्याला अडीच आठवड्यांहून अधिक काळ घेते, आणि पुण्याहून सासवडकडे दिवे घाट चढण्याच्या लांब मजलेचा दिवस सोडला तर अठराविश्वे दारिद्र्यात वाढलेली म्हातारी माणसेही तिच्यासोबत सहज चालू शकतात. त्यासाठीच ती गती ठरविलेली आहे. सर्वांत दुबळ्या पायाने जी गती ठरते तिला वारीची गती म्हणावे.

आता पुन्हा झाशी. १७४२ नंतर नारो शंकरांच्या सुभेदारीत दक्षिणेतून कुटुंबे येथे येऊन राहिली, किल्ल्यास शंकरगढाची जोड मिळाली, नेवाळकरांच्या काळात देवळे, वाडे, तलाव यांनी वस्ती भरली. त्या जुन्या शहराचे दरवाजे पाहा: ओरछा दरवाजा, दतिया दरवाजा, सागर दरवाजा, उन्नाव दरवाजा, भांडेरी दरवाजा. प्रत्येकाचे नाव आतल्या माणसाने बाहेर जाणाऱ्यासाठी ठेविले आहे. या दारातून निघालास तर ओरछा पाच-सहा कोसांवर, उन्हापूर्वी पोहोचशील; त्या दारातून निघालास तर दतियापर्यंत एक लांब मजल; आणि सागरच्या दारातून निघालास तर घरी निरोप नीट सांगून नीघ. तटाची अशी दारे म्हणजे पायी चालणाऱ्यांची भाषा दगडात कोरलेली आहे. पुढे रेल्वे आली, झाशी मोठे जंक्शन झाले, आणि दरवाजांची कामे फलाटांकडे गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रेल्वेनेच आपणां झाशीकरांना माहेरासासरांशी जोडून ठेविले. माझी चिंता एवढीच आहे की वाट गेली की वाटेचे शब्द फार दिवस टिकत नाहीत. आपल्या नातवंडांस ‘घूमना’ आणि ‘टहलना’ येते, आणि ते त्यांच्या शेजाऱ्यांचे सुंदर शब्द आहेत. पण ‘रमतगमत ये’ असे आजीने म्हटले तर त्यांच्या कानास ते परके वाटू लागले आहे. हे मी आपणांपैकी कित्येकांच्या घरांत पाहिले आहे, आणि ते पाहून मला मनापासून दुःख झाले.

म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. झाशी, ग्वाल्हेर, सागर, काल्पी इकडच्या मराठी घरांत जी वृद्ध मंडळी आहेत, त्यांच्या तोंडी चालण्याचे, फिरण्याचे, जाण्यायेण्याचे जे शब्द आहेत, ते एका वहीत उतरवून घ्यावेत. यातले काही कोकणातून आले असतील, काही खानदेशातून, काही बुंदेलीशी सोयरीक होऊन येथेच जन्मले असतील, आणि या तिसऱ्या प्रकारचे शब्द कोणत्याही कोशात सापडणार नाहीत, म्हणून तेच प्रथम टिपावेत. नुसता शब्द आणि अर्थ लिहून भागणार नाही. तो कोणी, कोणास उद्देशून, कोणत्या वेळी वापरला ते वाक्य जसेच्या तसे लिहावे. कारण ‘दुडुदुडु’ बाळासाठी असते, तेच आजोबांच्या चालीस लावले तर अवमान होतो, आणि ‘सावकाश’ हा एकच शब्द सूनबाईंस सांगताना, बैलास सांगताना आणि देवाच्या पालखीच्या भोयांस सांगताना निरनिराळ्या सुरांत निघतो. सूर कागदावर येत नाही. तेव्हा जेथे शक्य असेल तेथे ध्वनिमुद्रण करावे, आणि ते घरात बसून करण्यापेक्षा त्या वृद्धांस घेऊन लक्ष्मीतलावाच्या काठाने गंगाधररावांच्या छत्रीपर्यंत चालत जाताना करावे, कारण पाय चालू लागले म्हणजे हे शब्द आपोआप तोंडी येतात.